बावीस वर्षं, सहा बैठका

ग्रेग स्टॅफर्डच्या ‘किंग आर्थर पेंड्रॅगॉन’ या खेळात तलवारी आहेत, भाले आहेत, राक्षस आहेत, राजदरबारच्या मेजवान्या आहेत. पण त्या सगळ्या पुस्तकात मला सर्वांत आवडतं ते हिवाळ्याचं प्रकरण. वर्षाची मोहीम संपते, वाटा बंद होतात, नाइट आपल्या गावी परततो. मग खेळाडूने फासे टाकायचे ते घरच्या गोष्टींसाठी. वय पस्तिशीच्या पुढे गेलं असेल तर अंगातलं बळ कमी झालं का? घोडा हिवाळा काढतो का? शेताचं उत्पन्न कसं आलं? बायकोला मूल झालं का, आणि आधीची मुलं जगली का? समोर शत्रू नसतो, तरी टेबलाभोवतीची माणसं श्वास रोखून फाशाकडे बघत असतात. बघता बघता एक वर्ष मावळतं, आणि पुढच्या बैठकीत नाइट एका वर्षाने म्हातारा होऊन येतो.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला आणि टेबलटॉप रोलप्लेइंग या प्रकाराची रीतसर सुरुवात झाली. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे एक पात्र असतं, त्याची माहिती कागदावर लिहिलेली. एकजण गेममास्टर, जग त्याच्या ताब्यात. तो प्रसंग सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जिथे निकाल अनिश्चित तिथे फासे. अशा बैठका एकाच कथेत गुंफल्या की त्याला कॅम्पेन म्हणतात. बहुतेक कॅम्पेन चालतात ती खजिना आणि राक्षस यांच्या जोरावर. पात्र मारामारी करतं, बलवान होतं, आणखी मोठी मारामारी करतं. वय कोणाचं वाढत नाही. तीन-तीन वर्षं चाललेल्या खेळातला वीर पहिल्या दिवशी होता तितकाच तरुण असतो.

स्टॅफर्डने नेमकं हेच मोडलं. त्याच्या केऑसियम या प्रकाशनसंस्थेने ‘पेंड्रॅगॉन’ १९८५ साली आणला. मॅलरीची आर्थरकथा कॅक्स्टनने छापली ती १४८५ मध्ये, म्हणजे बरोबर पाचशे वर्षांपूर्वी. स्टॅफर्डने त्या कथेत जे वाचलं ते इतर खेळकर्त्यांनी वाचलं नव्हतं. तिथले नाइट एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात ते बळावरून क्वचितच, वागण्यावरून नेहमी. कोणी गर्विष्ठ, कोणी क्षमाशील, कोणी उतावळा. म्हणून त्याने पात्राच्या कागदावर स्वभावाच्या तेरा जोड्या छापल्या: दयाळू आणि क्रूर, उदार आणि स्वार्थी, सावध आणि बेधडक, विश्वास ठेवणारा आणि संशयी, अशा. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. दया चौदा असेल तर क्रौर्य सहा. एक वाढलं की दुसरं तितकंच उतरतं. फासा वीस बाजूंचा, आणि आकडा आपल्या गुणाइतका किंवा त्याहून कमी पडला की तो गुण त्या क्षणी जिंकला.

इथवर हा नुसता हिशेब वाटेल. खरी गंमत पुढच्या नियमात आहे. एखादा गुण सोळावर पोचला की तो लोकांच्या नजरेत भरतो, आणि मग कसोटीच्या प्रसंगी खेळाडूला मनाजोगं वागता येत नाही. फासा टाकावाच लागतो. दयाळू म्हणून नाव झालेल्या नाइटापुढे त्याच्या भावाचा खुनी गुडघे टेकून बसलाय. खेळाडूला त्याला मारायचंय. फासा म्हणतो, सोड. आणि खेळाडू सोडतो. रागावतो, हळहळतो, पण सोडतो. आपण वर्षानुवर्षं जसे वागत आलो त्याचं ओझं ऐनवेळी आपल्याच हातावर येऊन पडतं, ही गोष्ट इतक्या साध्या यंत्रणेतून दाखवणारी दुसरी कृती मला ठाऊक नाही. कादंबरीत लेखक हे पात्राच्या बाबतीत करतो आणि आपण बाहेरून वाचतो. इथे ते आपल्याच मुठीतल्या फाशातून येतं.

या तेरा जोड्यांच्या वर स्टॅफर्डने आणखी एक थर ठेवला: उत्कट निष्ठा. धन्यावरची निष्ठा, कुटुंबाचं प्रेम, आतिथ्य, मान, एखाद्याचा द्वेष. त्यांचे आकडे वेगळे आणि त्यांना विरुद्ध जोडी नाही. संकटात निष्ठेला हाक मारली आणि फासा अनुकूल पडला तर पात्राच्या अंगात बारा हत्तींचं बळ येतं. फसला तर ते खचतं. अगदीच उलटा पडला तर वेड लागून रानात निघून जातं, आणि गेममास्टर कागद आपल्याकडे घेतो. आपल्याकडच्या रसचर्चेत वाढलेल्या वाचकाला हे ऐकताच संचारी भाव आणि स्थायी भाव आठवतील. स्टॅफर्डने भरतमुनी वाचला होता असं मला म्हणायचं नाही. पण क्षणोक्षणी येऊन जाणारी वृत्ती आणि तिच्या तळाशी टिकून राहणारा भाव, हा भेद त्याने स्वतःच्या वाटेने जाऊन गाठला. शौर्याबद्दलही तेच. साहित्यदर्पणकार विश्वनाथ वीररसाचे चार नायक सांगतो: दानवीर, धर्मवीर, युद्धवीर, दयावीर. पेंड्रॅगॉनच्या जुन्या आवृत्त्यांत आदर्श नाइट ठरायला सहा गुणांची बेरीज ऐंशी व्हावी लागते: उद्योगी, उदार, न्यायी, दयाळू, विनम्र आणि शूर. सहांपैकी रणांगणाशी थेट नातं असलेला एकच.

आता अडचण. आर्थरच्या जन्माआधीपासून त्याच्या अंतापर्यंतचं जे मोठं कॅम्पेन स्टॅफर्डने लिहिलं ते इ. स. ४८५ पासून ५६६ पर्यंत चालतं. दर बैठकीला एक वर्ष धरलं तर ऐंशीहून जास्त बैठका. महिन्यातून एकदा रविवारी जमणाऱ्या, मुलांच्या परीक्षा आणि सासरचं लग्न सांभाळणाऱ्या माणसांना हे आयुष्यात जमायचं नाही. म्हणून छोटं कॅम्पेन. आणि छोटं करायचं म्हणजे काय कापायचं, हा सगळा कलेचा प्रश्न आहे. बहुतेकजण घटना तशाच ठेवतात आणि वर्षं कापतात: एकाच उन्हाळ्यात सगळं उरकायचं. असं केलं की हिवाळा जातो. हिवाळा गेला की म्हातारपण गेलं, मुलं गेली, घोड्याचं मरण गेलं, आणि उरतो तो चिलखत घातलेला डंजन्स अँड ड्रॅगन्स. माझं म्हणणं उलट आहे. वर्षं ठेवावीत, घटना कापाव्यात. सहा बैठका, पण त्यांनी बावीस वर्षं ओलांडली पाहिजेत.

बावीस हा आकडा मी मदन महलवरून घेतला.

जबलपूरला गेलेल्या मराठी माणसाला मदन महल हे आधी रेल्वे स्टेशन म्हणून भेटतं. ज्याच्यावरून ते नाव आलं ती वास्तू टेकडीवर आहे, आणि महाल म्हणावा असं तिथे फार काही नाही. ग्रॅनाइटच्या एका अवाढव्य शिळेच्या माथ्यावर बसवलेलं छोटं दुमजली बांधकाम, समोर पागा म्हणून दाखवतात तो भाग, लहानसं टाकं, पडक्या खोल्या. परंपरा ते गोंड राजा मदन शाहाचं म्हणते. चौकी म्हणा, विसाव्याची जागा म्हणा. भोवतीचे दगड मात्र बघत राहावेत असे. एकावर एक ठेवल्यासारखे, आता घसरतील असे, आणि तरी जागचे न हलणारे. पायथ्याजवळचा तोल सावरून बसलेला तो प्रसिद्ध दगड २२ मे १९९७ च्या भूकंपातही हलला नाही, त्याची फुशारकी जबलपूरकर अजून मारतात. टेकडीच्या पोटात सोन्याच्या विटा पुरल्या आहेत अशीही आख्यायिका आहे. दुसऱ्या कुठल्याही खेळाच्या गेममास्टरने त्या विटांवर झडप घातली असती. मी त्या सोडून देईन.

कारण या टेकडीभोवती गढ्याचा इतिहास आहे, आणि तो पेंड्रॅगॉनच्या साच्यात असा बसतो की स्टॅफर्डला दाखवावासा वाटावा. (तो २०१८ मध्ये गेला.) गढा-कटंग्याचं गोंड राज्य संग्राम शाहाने बावन्न गढांपर्यंत वाढवलं. त्याचं मूळ नाव अमन दास. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल सांगतो की त्याने बापाचा खून केला. त्याआधी घर सोडून तो बघेल राजा बीरसिंहाकडे राहिला होता आणि बीरसिंहाने त्याला मुलासारखं ठेवलं होतं. त्याच संग्राम शाहाच्या नावाचा तलाव, संग्रामसागर, मदन महलच्या टेकडीजवळ आजही आहे. त्याचा मुलगा दलपत शाह, आणि दलपतची राणी कालिंजरकडच्या चंदेल घराण्यातली दुर्गावती. लग्न १५४२ च्या सुमारास. मुलगा बीर नारायण पाचेक वर्षांचा असताना, १५५० च्या सुमारास दलपत वारला. पुढची चौदा वर्षं राज्य दुर्गावतीने चालवलं. २४ जून १५६४ ला नर्रईच्या लढाईत अकबराचा सरदार आसफ खान याच्याशी लढताना ती पडली.

१५४२ ते १५६४: हीच ती बावीस वर्षं. आता पेंड्रॅगॉनचं गणित लावून पाहा. खेळ सुरू होताना पात्राचं वय एकवीस. दलपतच्या लग्नाच्या वर्षी त्याचंही लग्न लावून दिलं आणि पुढच्या वर्षी मुलगा झाला, तर शेवटच्या लढाईच्या दिवशी बाप त्रेचाळीसचा आणि मुलगा एकवीसचा, म्हणजे नाइट व्हायच्या नेमक्या वयाचा. बापाच्या अंगातलं बळ आठ वर्षं झिजलेलं, पण कीर्ती मोठी; मुलाच्या हातात जोर, पण नाव कोणाला माहीत नाही. खेळाडूने नर्रईला कोणता कागद घेऊन बसायचं? की दोघांनाही न्यायचं आणि त्यांतला एक परत आणायचा प्रयत्न करायचा? हा पेच मी रचलेला नाही. इतिहासाने तारखांमध्येच तो ठेवून दिलाय. गेममास्टरला फक्त मध्ये न येण्याचं भान हवं.

मराठी वाचकाला नाइट समजवायला शिलेदार पुरे. स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं, पोटाला एखादं गाव, आणि धनी बोलावेल तेव्हा हजर. चार खेळाडू म्हणजे गढ्याचे चार शिलेदार, मदन महलच्या चौकीवर नेमलेले. चौकीच का, असं विचाराल. राजधानी तर आधी सिंगौरगडला आणि मग दूर सातपुड्यात चौरागडला गेली. गढा मागे पडलं. म्हणूनच. दिवाळीत पोरं मातीचा किल्ला करतात तेव्हा माथ्यावर महाराज आधी बसवतात आणि पायथ्याच्या पहारेकऱ्याला उरलेली जागा देतात. कॅम्पेन आखणारे नेमकी हीच चूक करतात: पात्रांना पहिल्याच दिवशी राणीच्या उजव्या हाताला उभं करतात. मग त्यांना करायला काही उरत नाही, सगळे निर्णय राणीचे आणि इतिहासाचे. चौकीवरच्या माणसाकडे बातमी उशिरा येते, अर्धी येते, आणि खरी मानायची की नाही हे त्याचं त्याला ठरवावं लागतं. विश्वास आणि संशय या जोडीला तिथे रोज काम मिळतं.

स्टॅफर्डच्या हिवाळ्याला इथे अर्थातच पावसाळा. नर्मदेला आणि गौर नदीला पाणी आलं की चार महिने कोणी हलायचं नाही. दसऱ्याला शस्त्रं पुजून बाहेर पडायचं. हा बदल मी सोयीसाठी केला होता, पण केल्यावर लक्षात आलं की शेवटच्या लढाईची तारीख २४ जून आहे. खेळाडूंना पाच बैठका एक सवय लागलेली असणार: आभाळ भरून आलं की फासे घरच्या कामाला काढायचे. सहाव्या बैठकीत आभाळ भरून येईल, ते सवयीने घोड्याच्या तब्येतीचा फासा उचलतील, आणि तेव्हा जासूद आत येईल. नर्रईला राणीच्या पाठीमागचा नाला पुराने फुगला होता असं लोक सांगतात. पाच बैठका ज्या पावसाने घराकडे वळवलं तोच सहाव्या बैठकीत घराची वाट अडवतो.

कीर्तीचं काय? पेंड्रॅगॉनमध्ये तिचे गुण मोजतात, हजारांच्या पटीत. त्या कोरड्या आकड्याला गोंड परंपरेत जिवंत माणूस आहे. परधान हे गोंडांचे भाट. बाणा नावाचं तंतुवाद्य वाजवत ते आपल्या यजमानांच्या घराण्यांच्या आणि गोंड राजांच्या कथा गात आले आहेत. तेव्हा प्रत्येक पावसाळ्याच्या शेवटी एक परधान गावात येतो आणि शिलेदाराने वर्षभरात काय केलं ते गातो. ज्याने उदारपणा दाखवला नाही त्याचं गाणं आखूड. ते गाणं गेममास्टरने न म्हणता शेजारच्या खेळाडूने दोन-चार वाक्यांत सांगावं. मित्राच्या पात्राबद्दल माणूस स्वतःच्या पात्रापेक्षा जास्त प्रामाणिक असतो.

सहा बैठकांतल्या दोन मी भराभर सांगतो, कारण त्या सोप्या आहेत. दलपतच्या मृत्यूची: आधार कायस्थ आणि मान या दोन कारभाऱ्यांनी राणीच्या पाठीशी उभं राहायचं ठरवलं आहे आणि शिलेदारांनी पाच वर्षांच्या पोराच्या नावाने शपथ घ्यायची की नाही एवढाच सवाल. आणि १५५६ च्या सुमाराची, माळव्याच्या बाज बहादुराला हरवल्याची: तिथे मनसोक्त लढू द्यावं. विजय मोठा असावा, कारण विनय आणि गर्व या जोडीचा काटा तिथेच फिरतो, आणि आपण अजिंक्य आहोत असं वाटायला लागलेली माणसंच शेवटच्या बैठकीत कामाची.

पहिली बैठक मात्र सावकाश खेळावी. पेंड्रॅगॉनमध्ये पात्र घडवतानाच आजोबांचा आणि बापाचा इतिहास फाशांवर ठरवायची सुंदर सोय आहे. इथे आजोबा अमन दासबरोबर बघेलांच्या आश्रयाला गेलेला असावा. त्या घरचं मीठ खाल्लेला. मग १५४२ च्या लग्नमांडवात म्हातारा आजोबा नातवाला हे ऋण सांगेल, आणि खेळाडू ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून विसरून जातील. वीस वर्षांनी, पाचव्या बैठकीत, ते बाहेर काढायचं. १५६२ साली बघेल राजा रामचंद्राच्या दरबारातून तानसेन अकबराकडे गेला. त्या वर्षी शिलेदारांना राणीचा निरोप घेऊन बघेलांकडे पाठवावं. त्याच सुमाराला अकबराच्या फौजांनी माळवा घेतलेला; मोगल आता शेजारी. बघेलांनी गवई दिला. उद्या काय द्यावं लागेल? तलवार एकदाही उपसली जात नाही अशी ही बैठक, आणि माझ्या मते सहांत सर्वांत श्रीमंत. आतिथ्याचं ऋण, गवयाचं शेवटचं गाणं ऐकत बसलेला दरबार, आणि मांडीला मांडी लावून बसलेले यजमान ज्यांच्याशी उद्या कदाचित लढावं लागेल. इंग्रजी खेळात हा प्रसंग असता तर पाहुण्याला विष घातलं गेलं असतं. इथे कोणाला काही होत नाही, आणि घरी परतताना प्रत्येकाच्या कागदावर एखादी निष्ठा एकाने कमी झालेली असते.

चौथी बैठक शिकारीची. अबुल फजलने राणीबद्दल लिहून ठेवलंय की वाघ दिसल्याची खबर आली की त्याला मारल्याशिवाय ती पाणी पीत नसे. शत्रूच्या दरबारी इतिहासकाराने हे नोंदवावं यातच तिचा दरारा दिसतो. या एका वाक्यावर पूर्ण बैठक उभी राहते. जेठातलं ऊन, मदन महलच्या टेकडीखालचं रान, खबर देणारा चौकीचाच शिलेदार, आणि राणीने हातातला पेला खाली ठेवला. वाघ दिवसभर सापडत नाही. पहिल्या तासाला हे थोर वाटतं. तिसऱ्या तासाला तिच्याबरोबर कोणालाच पाणी पिता येत नाही हे लक्षात येतं. पोरगेला बीर नारायण सोबत आहे आणि त्याचे ओठ सुकलेत. खेळाडूंपैकी कोणी त्याला लपवून पाणी देईल का? दिलं आणि राणीला कळलं तर? आणि ज्याने खबर आणली त्याला मनातून माहीत असेल की वाघ पाहिला तो संध्याकाळच्या अंधारात, कदाचित नसेलही? व्रत हा मध्ययुगीन वीरकथेचा कणा आहे, युरोपातही आणि इथेही. पण व्रताची किंमत भोवतालच्या माणसांना किती पडते, हे वीरकथा सहसा सांगत नाही. टेबलावर ते आपोआप कळतं, कारण तिथे भोवतालची माणसं म्हणजे आपणच.

मग नर्रई. गौर आणि नर्मदा यांच्यामधली अडचणीची जागा राणीने निवडली. फौज पांगलेली, अबुल फजलच्या म्हणण्याप्रमाणे सुरुवातीला तिच्यापाशी पाचशेच माणसं उरली होती. पहिल्या दिवशी तिने मोगलांना मागे रेटलं. त्या रात्री तिने सरदारांपुढे मांडलं की आत्ताच, अंधारात हल्ला करू. सकाळी आसफ खान तोफखाना घेऊन खिंडीत येईल. कोणी ऐकलं नाही. सकाळी तोफा आल्या.

सगळ्या कॅम्पेनचं मर्म इथे आहे, कारण ते न ऐकणारे सरदार म्हणजे टेबलाभोवतीचे खेळाडू. नकाराला कारण काय? थकवा? गर्व? रात्री झोपलेल्यावर वार करणं शिलेदाराला शोभत नाही ही समजूत? ते प्रत्येक खेळाडूच्या कागदावर गेली बावीस वर्षं लिहिलं जातंय. ज्याने सावधपणा जोपासला तो सतरावर पोचलाय आणि त्याला फासा टाकावाच लागेल. ज्याचा न्याय उंच आहे त्याला रात्रीच्या छाप्याची लाज वाटेल. ज्याने चौथ्या बैठकीत पोराला पाणी दिलं तो कदाचित एकटाच राणीच्या बाजूने उभा राहील. मला असं आढळतं की इतिहास माहीत असलेले खेळाडू इथे हटकून ‘हो’ म्हणायला बघतात, आणि त्यांचेच गुण त्यांना म्हणू देत नाहीत. शेवट ठाऊक असल्याने रंगत जाते असं म्हणणाऱ्यांनी ही बैठक एकदा बघावी.

आणि चौघांनीही होकार दिला तर? तर छापा होऊ द्यावा. यावर जाणकारांत वाद आहे. अनेकांना वाटतं की ऐतिहासिक कॅम्पेनमध्ये शेवट बदलू देणं म्हणजे बेशिस्त. मला ते पटत नाही. बावीस वर्षं माणसांना वागायला लावून ऐनवेळी त्यांच्या वागण्याला काही अर्थ नव्हता असं सांगणं हा गेममास्टरचा कोतेपणा झाला. छाप्याने एक रात्र जिंकता येईल. आसफ खानामागे अख्खी बादशाही उभी आहे. त्या रात्रीने किती वर्षं विकत मिळाली हे एका फाशावर ठरवून परधानाला गाऊ द्यावं.

पण बहुधा इतिहासच घडतो. सरमन हत्तीवर राणी, बीर नारायण जखमी होऊन मागे नेलेला, राणीला दोन बाण, एक कानशिलाजवळ, एक मानेत. हत्ती हाकणाऱ्या आधार नावाच्या माहुताला ती म्हणते की मला संपव, शत्रूच्या हाती लागू देऊ नकोस. त्याचा हात उठत नाही. तो तिला हत्तीवरून दूर नेतो म्हणतो. ती स्वतःच कट्यार चालवते. आधारच्या जागी कोणाचं पात्र असावं हे आधी ठरवू नये. पाच बैठकांत ज्याची राणीवरची निष्ठा सर्वांत वर गेली त्याला तिथे बसवावं, आणि त्याच्या निष्ठेला त्याच्याच दयेसमोर उभं करावं. स्टॅफर्डचे नियम अशा वेळी दोन्हींचा फासा एकत्र टाकायला सांगतात. यशस्वी आकड्यांत जो मोठा तो जिंकतो. गेममास्टरने त्या वेळी एक शब्दही बोलू नये.

एवढ्या कौतुकानंतर एक नाराजीही नोंदवायला हवी. पेंड्रॅगॉनच्या जुन्या आवृत्त्यांत बाई म्हणजे लग्न, हुंडा आणि वारस. शस्त्र हाती घेणारी स्त्री तिथे अपवाद म्हणून येते. २०२४ च्या सहाव्या आवृत्तीने दारं बरीच उघडली आहेत. तरी गढ्याचा खेळ मांडताना जाणवतं की तो मूळ साचाच पुरुषी आहे: राणीला हिवाळ्याच्या प्रकरणात कुठे बसवायचं याचं उत्तर पुस्तकात नाही. ते आपण करून घ्यायचं. दुसरा धोका आपल्याच बाजूचा. गोंड दरबाराला राजपूत फेटे बांधून मोकळं व्हायची सवय आपल्या शाळेतल्या गॅदरिंगांनी लावली आहे. शिलेदारांची घराणी गोंडच ठेवावीत, बडा देव घरात असावा, परधान दारात. दुर्गावती चंदेलांची मुलगी होती, म्हणजे ती या जगात सून म्हणून आली; खेळाडूंनी तिला आपलं म्हणायला दोन बैठका घेतल्या तरी चालेल.

नर्रईनंतर दोनेक महिन्यांत चौरागड पडला, बीर नारायण लढताना गेला, आत जोहार झाला. आसफ खानाच्या हाती हजार हत्ती लागले आणि त्याने बादशहाकडे दोनशेच पाठवले, असंही अबुल फजल नोंदवतो. हे खेळू नये. सहाव्या बैठकीच्या शेवटी जे जगले असतील त्यांच्यासाठी फक्त पावसाळ्याचे फासे टाकावेत: घोडा, शेत, मूल. मग परधान.

ज्यांना हा खेळ मांडायचा असेल त्यांनी चार खेळाडूंवर पाचवा घेऊ नये, आणि सहाच्या वर सातवी बैठक करू नये. आणि खेळायच्या आधी एकदा जबलपूरला जावं. मदन महल तासाभरात बघून होतो. शहरात राणीताल, चेरीताल आणि आधारताल ही नावं रिक्षावाल्याच्या तोंडी रोज असतात, राणीची, तिच्या दासीची आणि तिच्या कारभाऱ्याची. नर्रईची समाधी बरेल्याजवळ, मंडल्याच्या रस्त्यावर आहे.